एका ड्राइव्हच्या अमिगासाठी शेल निवडून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात आपण माझ्यासाठी अख्खा रविवार खर्च केलात. फोनवर दोन शब्दांत आभार मानून माझे समाधान झाले नाही. शिवाय जुनी अमिगा ५०० (कमोडोर कंपनीचा १९८० च्या दशकातला घरगुती संगणक) बाळगणाऱ्या आणखी कुणाला उपयोग व्हावा, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

इथे रेडिंगमध्ये मी विकत घेतलेल्या त्या यंत्रात १ एमबी मेमरी आणि एकच फ्लॉपी ड्राइव्ह आहे. नोकरीत दिवसभर युनिक्स वापरत असल्यामुळे मॅथ्यू डिलन यांचा युनिक्सच्या धर्तीचा सी-शेलच (शेल म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा घेऊन चालवणारा प्रोग्रॅम) त्यावर चालवायचा, असे मी ठरवूनच आपल्याकडे आलो होतो. आपण विरोध केला नाहीत, फक्त विचारलेत, "तू आज्ञा टाइप करतोस, ती येते कुठून?" मला उत्तर देता आले नाही.

वर्कबेंच १.३ या अमिगाच्या सिस्टिम सॉफ्टवेअरमध्ये डिर (फाइलींची यादी दाखवणारी), कॉपी यांसारख्या रोजच्या आज्ञासुद्धा फ्लॉपीवरच्या 'सी' डिरेक्टरीत स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणून असतात, त्यामुळे दुसऱ्या फ्लॉपीवर काय आहे एवढे पाहायचे झाले तरी यंत्र आधी वर्कबेंचची फ्लॉपी मागते आणि मग पुन्हा आपली. मी हे इतके दिवस ड्राइव्हचे दुखणे समजत होतो! सी-शेलमध्ये बऱ्याच आज्ञा अंगभूत असल्याने तिथेही ही अदलाबदल टळली असती, हे आपण मोकळेपणाने सांगितलेत. मात्र तारकेच्या जागी हॅश आणि प्रश्नचिन्ह लिहिण्याची अमिगाडॉसची, म्हणजे अमिगाच्या आज्ञा-प्रणालीची, रीत आणि त्याच्या स्क्रिप्ट समजून घेण्याआधीच मी त्यांना वळसा घातला असता, आणि आपला तो मुद्दा मला पूर्ण पटला.

म्हणून आपण १.३ सोबत येणारा शेलच निवडायला लावलात. त्याआधीच्या सीएलआय या साध्या आज्ञा-खिडकीत एक अक्षर चुकून एंटर दाबले गेले की सगळी ओळ पुन्हा लिहावी लागे. इथे वरचा बाण दाबला की मागची ओळ परत येते. पण खरी गंमत रेसिडेंट या आज्ञेत आहे. फाइलींची माहिती देणाऱ्या लिस्ट या आज्ञेने दाखवलेल्या खुणांमधल्या 'पी' या अक्षरावर बोट ठेवून आपण समजावलेत, की ही खूण असलेला प्रोग्रॅम एकदा मेमरीत ठेवला की तिथूनच पुन्हा पुन्हा चालवता येतो. सीडी (डिरेक्टरी बदलणारी), डिर, लिस्ट आणि कॉपी अशा चारच आज्ञा आपण ठेवू दिल्यात आणि प्रत्येकीनंतर अवेल चालवून किती मेमरी उरली ते मला मोठ्याने वाचायला लावलेत.

घरी आल्यावर वर्कबेंच बाहेर काढून मी दुसरी फ्लॉपी घातली आणि ड्राइव्हचे नाव देऊन डिर लिहिले. ड्राइव्हचा दिवा लागला, यादी आली, यंत्राने काहीही मागितले नाही. मी आणखी तीन फ्लॉपी घालून पाहिल्या.

या चार आज्ञा मेमरीत ठेवणाऱ्या स्टार्टअप-सीक्वेन्सची, म्हणजे यंत्र सुरू होताना आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या फाइलीची, प्रत एका फ्लॉपीवर काढून ठेवली आहे. पुढच्या भेटीत आपल्यासाठी घेऊन येतो.

आपला कृतज्ञ,
रेडिंगचा विद्यार्थी