आधी तार, मग पवनचक्की

महोदय,

बेटांवरच्या विजेविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख मी सोमवारी वाचला. बडोद्याला पुरवणी दुसऱ्या दिवशी हाती पडते, त्यामुळे पत्रही उशिराच निघतं आहे. लेखात वारा आहे, ऊन आहे, लाटा आहेत, निळ्या समुद्राची छायाचित्रं आहेत. पण ती वीज किनाऱ्यावर आणायची कशी, याबद्दल पूर्ण पानात एकच वाक्य, आणि तेही ‘केबल टाकली की झालं’ अशा थाटाचं. माझी 31 वर्षं ट्रान्सफॉर्मरच्या टेस्टिंगमध्ये गेली. ते वाक्य वाचून मला खरोखर राग आला आणि तो अजून उतरलेला नाही.

समुद्रातली केबल ही नुसती लांब वायर असती तर प्रश्न नव्हता. आत तांबं, त्याभोवती इन्सुलेशन, बाहेर धातूचं वेष्टण, म्हणजे कित्येक किलोमीटर लांबीचा कपॅसिटरच, वीजभार साठवणारं उपकरण. एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज, सोडली की सेकंदाला 50 आवर्तनांत तो भरत-रिकामा होत राहतो. केबल जेवढी लांब तेवढा हा चार्जिंग करंट मोठा, आणि एका अंतरानंतर केबलची बरीचशी क्षमता त्यातच खर्ची पडते. म्हणून लांबच्या बेटाला डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, लागते. दोन्ही टोकांना एसीचं डीसी आणि डीसीचं एसी करणारं कन्व्हर्टर स्टेशन बांधावं लागतं आणि त्यासाठी खास ट्रान्सफॉर्मर लागतात. त्यांच्या आतल्या तेल आणि दाबलेल्या पुठ्ठ्याच्या इन्सुलेशनवर डीसीचा ताण वेगळ्याच तऱ्हेने बसतो. पोलॅरिटी रिव्हर्सलच्या, म्हणजे धन-ऋण टोकं अचानक उलटवण्याच्या, टेस्टला आम्ही रात्र-रात्र पीडी (इन्सुलेशनच्या आत होणाऱ्या बारीक ठिणग्या) मोजत बसायचो. पडद्यावर एक खोटा ठिपका दिसला तरी सकाळी पुन्हा पहिल्यापासून. मराठी वाचकाला हे परकंही नाही. चंद्रपूरहून पडघ्याला 752 किलोमीटरवरून वीज येते ती 1999 पासून याच तंत्राने. एवढं तरी लेखकाने लिहायला हवं होतं.

हे तंत्र जन्मलंच मुळी एका बेटासाठी. स्वीडनने 1954 साली गॉटलंड बेट मुख्य भूमीशी जोडलं, 100 किलोव्होल्ट आणि 20 मेगावॅट. व्यापारी वापरातली ती जगातली पहिली सागरी डीसी केबल. पुढे त्या बेटाच्या दक्षिण भागात पवनचक्क्या वाढल्या आणि बेटावरच्या बेटावर वीज विस्बी शहरापर्यंत न्यायला 1999 साली आणखी एक डीसी जोडणी करावी लागली, 70 किलोमीटरची. वारा दक्षिणेला, वस्ती उत्तरेला, मधली जुनी लाइन अपुरी.

लेखात स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांचं कौतुक आहे. ते रास्त आहे. 103 चक्क्या, 443 मेगावॅट, सुमारे 260 किलोमीटरची 600 मेगावॅटची डीसी जोडणी, आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये ती बेटं पहिल्यांदा ब्रिटनच्या ग्रिडला, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याला, जोडली गेली. पण गोष्ट तिथे संपत नाही. वीज स्कॉटलंडच्या किनाऱ्याला लागते आणि तिथून दक्षिणेकडे जाणाऱ्या लाइनी तुंबलेल्या असतात. मग ऐन वाऱ्यात चक्क्या थांबवाव्या लागतात आणि थांबवल्याबद्दल कंपनीला पैसेही द्यावे लागतात. समुद्र ओलांडला, पण पुढचा रस्ताच नव्हता. लेखात हे यायलाच हवं होतं.

हे मला इतकं का लागतं, ते सांगतो. 2024 च्या एप्रिलमध्ये मी गच्चीवर तीन किलोवॅटची सौर पॅनेलं बसवली. केंद्राची योजना नवी होती, 78 हजारांचं अनुदान होतं, निवृत्तीच्या पैशांतून बाकीची रक्कम भरली. पॅनेलं दोन दिवसांत लागली. नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज दोन्ही मोजणारं मीटर, यायला 67 दिवस लागले. मीटर नाही तोवर सिस्टिम चालू करायची नाही, असा नियम. बसवणारा मुलगा दर वेळी फोनवर म्हणायचा, “काका, आवी जशे,” म्हणजे येईल. मी चार वेळा कचेरीत गेलो. एकदा अर्ज पुढच्या टेबलावर होता, एकदा साहेब सुट्टीवर होते, एकदा मीटरच स्टॉकमध्ये नव्हते आणि चौथ्यांदा सहीचं एक पान कमी होतं, जे पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर मी तिथल्या तिथे सही केली असती. बडोद्याचा तो एप्रिल-मे! दिवसाला 12 युनिट धरले तरी 800 युनिट वीज माझ्या डोक्यावर फुकट गेली. बायको रोज सकाळी पॅनेलं पुसायची. ती म्हणायची, “मीटर आलं की धूळ नको आड यायला.” चौथ्या खेपेनंतर मी तिला पुसू नकोस म्हणालो, तरी ती पुसत राहिली.

अवघ्या एका मीटरसाठी 67 दिवस. आता 260 किलोमीटर केबल, समुद्राचे परवाने, मच्छीमारांची संमती, दोन कन्व्हर्टर स्टेशनं आणि पुढची लाइन, हे सगळं चक्क्या उभ्या राहिल्यावर सुरू करायचं म्हटलं तर काय होईल? चक्क्या वर्ष-दोन वर्षांत उभ्या राहतात, तारेला त्याहून कितीतरी जास्त लागतात. म्हणून तारेचं काम आधी सुरू झालं पाहिजे. माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी हात जोडून सांगतो आहे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला. आमचं घर तीन दिवस अक्षरशः बेट झालं होतं, चारी बाजूंनी पाणी आणि वीज बंद. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. पॅनेलं तापली आणि घरात पंखासुद्धा फिरला नाही, कारण ग्रिड गेलं की आमच्यासारख्या घरांचा, पॅनेलांची डीसी वीज एसी करणारा, इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. ते बरोबरच आहे. खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव त्यावर अवलंबून असतो. पण आधाराला बॅटरी नसेल तर तार तुटलेल्या बेटाचं काय होतं, ते मी त्या तीन दिवसांत घरात बसून पाहिलं.

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटाने ते सहा महिने पाहिलं. त्याला मुख्य भूमीशी जोडणारी, 2006 मध्ये सुरू झालेली बासलिंक केबल डिसेंबर 2015 मध्ये समुद्रात निकामी झाली आणि जून 2016 पर्यंत दुरुस्त झाली नाही. नेमका त्या वर्षी पाऊस कमी. जलविद्युतीवर जगणाऱ्या त्या बेटाची धरणं 13 टक्क्यांच्याही खाली गेली आणि शेवटी डिझेल जनरेटर मागवावे लागले. समुद्राखाली बिघाड नेमका कुठे आहे ते शोधायचं, जहाज आणायचं, हवा शांत व्हायची वाट पाहायची, केबल कापून वर काढायची आणि जोडायची. दुसरी केबल किंवा पुरेसा साठा हाताशी नसेल तर तोवर बेटाने वाटच पाहायची.

आपल्याकडच्या बेटांबद्दलही लेख सैलपणे बोलतो. दीवमध्ये दिवसाची गरज सौर विजेवर भागते ती खाडीपलीकडे गुजरातचं ग्रिड आहे म्हणून. रात्री तिथूनच वीज येते. लक्षद्वीपहून मुख्य भूमीला वीज पाठवण्याची कल्पना मात्र मला पटली नाही. सगळ्या बेटांची मिळून जमीन 32 चौरस किलोमीटर, कोची कित्येकशे किलोमीटर दूर आणि मध्ये खोल समुद्र. 2024 मध्ये तिथे कोचीहून ऑप्टिकल फायबर पोचली हे खरं, पण काचेच्या धाग्यातून प्रकाश पाठवणं वेगळं आणि तांब्यातून मेगावॅट पाठवणं वेगळं. तिथे सौर पॅनेलं आणि बॅटरी लावून डिझेलच्या फेऱ्या कमी करणं हेच शहाणपणाचं. खंभातच्या आखातातल्या पवनचक्क्यांचं म्हणाल, तर तिथली भरती-ओहोटी ज्याने भावनगरला पाहिली आहे त्याला तळाशी केबल जागेवर ठेवणं किती कठीण आहे ते सांगावं लागणार नाही.

आणखी एक गोष्ट. लेखात ‘दररोज 443 मेगावॅट वीज तयार होते’ असं छापलं आहे. मेगावॅट हा वेग आहे, दिवसाची वीज युनिटमध्ये मोजतात. नळ किती मोठा आणि हंड्यात पाणी किती, यातला हा फरक आहे. याआधीही दोनदा मी यावर पत्र लिहिलं होतं. शेजारची नववीतली मुलगी आपली पुरवणी कापून वहीत चिकटवते. काल तिच्या वहीत मी पेन्सिलीने दुरुस्ती केली. पुढच्या अंकात ती आपण छापावी, म्हणजे ती मुलगी तेही कात्रण शेजारी चिकटवेल.

आपला,
एक निवृत्त टेस्टिंग इंजिनिअर
दांडिया बाजार, बडोदे