हात मागे बांधून उभे राहिलेल्या भाऊंना

भाऊ, नमस्कार.

आज सकाळी आईनं बंब पेटवला. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. काटोलकडे जानेवारीत पहाटे पांघरुणाबाहेर हात काढवत नाही, तरी गेले दोन हिवाळे ती गॅसवर पातेलं ठेवून आंघोळीचं पाणी तापवत होती. बंबाच्या नळीत मावतील असे वीतभर तुकडे करून द्यायला घरात कोणी नव्हतं. आज तिनं संत्र्याच्या लाकडाचे सहा तुकडे वरून सोडले आणि पाणी कढेपर्यंत तिथेच पाटावर बसून राहिली. ते तुकडे मी कापले होते, तुम्ही निवडून दिलेल्या चेनसॉनं, म्हणजे लाकूड कापायच्या मशीननं.

म्हणून हे पत्र. दुकानात येऊन बोलले असते तर तुम्ही "बरं बरं ताई" म्हणत पुढच्या गिऱ्हाइकाचा फवारणी पंप उघडायला घेतला असता. तुम्हाला स्वतःबद्दल ऐकायला आवडत नाही, हे दोन-तीन भेटींत कळलं. इथे मात्र तुम्हाला ऐकावंच लागेल.

आमची बाग अडीच एकरांची, पावणेतीनशे झाडं. बाबांच्या आजारपणात दोन वर्षं सल, म्हणजे वाळक्या फांद्या, काढली गेली नाही, खोडांवर मोरचूद-चुन्याच्या बोर्डोचा हात फिरला नाही. खोडातून डिंक गळायच्या रोगानं, डिंक्यानं, जोर धरला आणि चौसष्ट झाडं उभ्या-उभ्या वाळली. वाळलेलं झाड बागेत ठेवलं की खोडकिडीला आयतं घर मिळतं, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण मी नागपूरला शाळेत शिकवते, शनिवार-रविवारी साठ किलोमीटर जाऊन-येऊन करते. आमचे सालदार काका साठी ओलांडलेले. वाळलेल्या संत्र्यावर कुऱ्हाड मारली की ती टण्णकन परत येते. दोन रविवारांत आमची तीन झाडं झाली. मग ठरवलं, चेनसॉ घ्यायचा.

पहिल्या दुकानात मला विचारलं गेलं, "मॅडम, घरी कोणी माणूस नाही का? त्यांना पाठवा ना." मी म्हटलं, मीच आहे. मग त्यांनी सगळ्यांत मोठी मशीन काउंटरवर ठेवली. ५८ सीसीचं इंजिन, २२ इंची बार, म्हणजे जिच्याभोवती चेन फिरते ती पट्टी. "मोठीच घ्या. मोठी असली की लहान-मोठं सगळंच कापते." कापायचं काय आहे, हा प्रश्न त्या अर्ध्या तासात एकदाही निघाला नाही. मला काही कळत नव्हतं आणि समोरचा माणूस खात्रीनं बोलत होता. मी घेतली.

पेट्रोल आणि तेल भरल्यावर ती सात किलोच्या आसपास जायची. काकांनी पंधरा दिवस कशीबशी चालवली. मग एके सकाळी सहा इंचाची फांदी कापताना त्या लांब पट्टीचं टोक पलीकडच्या दुसऱ्या फांदीला लागलं. टोकाच्या वरच्या भागाला काही लागलं की फिरती चेन तिथे पकड घेते आणि अख्खी मशीन उलट चालवणाऱ्याच्या अंगावर उसळते, हे मला तुमच्याकडून नंतर कळलं. त्या दिवशी मला फक्त काकांचं धोतर लाल होताना दिसलं. मांडीला अकरा टाके पडले. पुढची ढाल म्हणजे चेनचा ब्रेक असतो, तो काम सुरू करायच्या आधी तपासायचा असतो, एवढं एक वाक्य विकताना कोणी बोललं असतं तर! आमच्या मशीनचा तो ब्रेक जाम झालेला होता. दुकानात फोन केला तर उत्तर मिळालं, "चालवणाऱ्याची चूक आहे." काका कसे आहेत, हे त्यांनी विचारलं नाही. ते मी विसरू शकत नाही. मशीन खराब निघू शकते. पण माणसाला लागलंय म्हटल्यावर आधी माणसाची चौकशी करतात.

दुसऱ्या दुकानात त्याच्या उलट. तिथे मला हातभर लांबीची बॅटरीवरची छोटी कटर दाखवली, "ही लेडीजसाठी बरोबर आहे" म्हणून. चार इंची पट्टी. गुलाबाच्या आणि पेरूच्या फांद्यांना ती चांगलीच असेल. चौसष्ट झाडांची खोडं तिनं कशी कापायची, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. मी हात हलवत बाहेर पडले आणि स्कूटरपाशी येऊन रडले. हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

तुमच्याकडे मी नवीन घ्यायला आलेच नव्हते, भाऊ. ती मोठी मशीन विकता येईल का, एवढंच विचारायचं होतं. तुम्ही ती उलटसुलट करून पाहिली. कुठून घेतली, कितीला घेतली, काही विचारलं नाही. विचारलं ते हे: "ताई, लाकूड केवढं हाय? अन् मशीन धरते कोन?"

त्या दोन प्रश्नांसाठी मी तीन महिने नागपूरभर फिरत होते, हे मला ते ऐकल्यावर कळलं.

मला लाकूड नीट सांगता येईना. मी हातानं दाखवलं, हे एवढं, काही एवढं. तुम्ही ड्रॉवरमधून सुतळी काढली, टेपला लावली आणि सहा, दहा, चौदा इंचांवर तीन गाठी मारून माझ्या हातात दिली. "झाडाले गुंडाळू नका. कापल्या तोंडावर आरपार धरा. कोनत्या गाठीत किती लाकूड बसते, ते लिहून आना. आज काही घेऊ नका."

आज काही घेऊ नका! दुकानदाराच्या तोंडून हे ऐकायची सवय नसल्यामुळे मी जरा वेळ तशीच उभी राहिले.

त्या रविवारी काका खाटेवर बसून आकडे लिहीत होते आणि मी सुतळी घेऊन बागभर फिरत होते. फांद्या तर सगळ्या पहिल्या गाठीच्या आत. संत्र्याची खोडं पहिल्या आणि दुसऱ्या गाठीच्या मध्ये. धुऱ्यावरच्या पडलेल्या दोन बाभळी दहाच्या पुढे, बारापर्यंत. तिसऱ्या गाठीला काहीच पोचलं नाही. तुम्ही तो कागद पाहून म्हणालात, मधली घ्या. ४० सीसीच्या जवळपास इंजिन, १६ इंची बार, रिकामी असताना पाच किलोच्या आत. सगळ्यांत जाड लाकडाहून पट्टी दोन-चार इंच जास्त असली की पुरे. त्याहून लांब असेल तर टोक पलीकडे बाहेर निघतं, मातीत, दगडात नाहीतर दुसऱ्या फांदीत घुसतं, आणि तेवढी जास्त चेन ओढायचा भार इंजिनावर आणि मनगटावर पडतो. अगदी लहान घेतली तर वाळलेल्या बाभळीत इंजिन दमतं, तापतं. आणि अंगठ्याएवढ्या काड्यांना मशीन लावूच नका, चेन त्यांना ओढून फटका मारते, तिथे सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, नाहीतर हातकरवत. हे सगळं तुम्ही पाच मिनिटांत सांगितलं, माझ्याकडे पाहून, माझ्या मागे कोणी पुरुष उभा आहे का हे न शोधता.

पण ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसले, ती अजून सांगितलीच नाही.

मशीन घ्यायला आले त्या दिवशी तुम्ही ती जमिनीवर ठेवलीत आणि म्हणालात, "तुमीच चालू करा." आधी ओढणी खोचायला आणि वेणी आत घ्यायला लावलीत. मागच्या मुठीत बूट अडकवला, डाव्या हातानं पुढची मूठ दाबली, दोरी ओढली. नाही झाली. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा दोरी अर्ध्यातच अडली आणि माझा तोल गेला. तुमच्याकडचा मुलगा लगेच पुढे आला. तुम्ही त्याला नुसतं बघितलंत आणि तो थांबला. मग तुम्ही दोन्ही हात पाठीमागे नेलेत आणि उजव्या पंजात डावं मनगट घट्ट धरून उभे राहिलात.

मी वाकलेली होते, त्यामुळे मला बाजूनं तुमचे हात दिसत होते. नखांत काळं तेल, एका बोटाला जुनी चिंधी बांधलेली. आणि ती बोटं हलत होती. तुम्हालाही पुढे व्हायचं होतं. एका झटक्यात चालू करून द्यायची होती. तीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाला ते बघत राहणं किती जड जात असेल! तरी तुम्ही ते मनगट सोडलं नाहीत.

माझी स्कूटर बंद पडली की रस्त्यावरचा कोणीही येऊन हँडल हातातून घेतो. सिलिंडर बदलायला घेतला की शेजारचे पान्हा काढून घेतात. वाईट हेतूनं नाही, बहुतेक जण चांगुलपणानंच. पण चाळीस वर्षं हातातून वस्तू काढून घेतल्या गेल्या की हातांना वाटायला लागतं की आपल्याला येत नाही. त्या दिवशी सातव्या ओढीला मशीन चालू झाली. तुम्ही टाळी वाजवली नाहीत, शाबास म्हणाला नाहीत. म्हणालात, "आता बंद करा. परत करा." मी पाच वेळा बंद केली, पाच वेळा चालू केली. शेवटच्या वेळी पाहिलं, तुमचे हात सुटून खाली आले होते आणि तुम्ही दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होता.

घरी जाताना मला बाबांची आठवण येत राहिली. ते जंबेरी लिंबाच्या रोपावर बांधलेल्या संत्र्याच्या कलमा विकायचे. एकदा एक जण दीडशे कलमांचे पैसे हातात घेऊन आला होता. बाबांनी आधी त्याच्या शेतातली माती आणायला सांगितली. माती पाहिली आणि म्हणाले, चुनखडी फार आहे, पाणी धरते, इथे संत्रा लावू नका, पाच-सहा वर्षांनी पिवळा पडेल. आम्हाला तेव्हा पैशांची फार गरज होती, आई दोन दिवस बोलली नाही. तो माणूस पुढे वर्षानुवर्षं दिवाळीला आमच्याकडे यायचा. बाबा गेले तेव्हा खांदा द्यायलाही आला. समोरच्याची जमीन कशी आहे हे आधी पाहणारी माणसं मला वाटलं आता संपली. आपल्याकडे मोठमोठ्या पाट्या आहेत, चकचकीत शोरूम आहेत, फोनवर गोड बोलणारी मुलं आहेत, पण "तुम्हाला कशासाठी पाहिजे" एवढं विचारून उत्तर ऐकायला थांबणारा माणूस शोधावा लागतो. मला तो गल्लीतल्या दहा बाय बाराच्या दुकानात सापडला.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. तुम्ही कानस कशी लावायची ते दाखवताना चेनचा एक दात डाव्या बाजूला, पुढचा उजव्या बाजूला वाकलेला दाखवला होता, आणि मी म्हटलं होतं, हे अळीच्या तोंडासारखं दिसतं. घरी येऊन वाचलं तर खरंच तसं निघालं! अमेरिकेत ऑरेगॉनमध्ये जोसेफ कॉक्स नावाचा एक लाकूडतोड्या होता. १९४६ साली त्याला झाडाच्या एका खुंटात भुंग्याची अळी लाकूड पोखरताना दिसली, डावीकडे-उजवीकडे, रेषांच्या सोबत आणि रेषा छेदून, सारख्याच सहजतेनं. तिचे जबडे पाहून त्यानं चेनचा दात घडवला आणि १९४७ मध्ये विकायला काढला. आजच्या चेनचे दात त्याच वळणाचे आहेत. ज्या खोडकिडीच्या भीतीनं ही वाळलेली झाडं काढायची, तिच्यासारख्याच लाकूड पोखरणाऱ्या अळीकडून शिकलेल्या दातांनी मी ती कापते आहे. हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ चेनकडे बघत बसले.

काका आता चालतात. मशीनला हात लावत नाहीत, पण तुम्ही सांगितल्याप्रमाणे त्यांनी बाभळीच्याच फांद्यांची एक घोडी बनवली आहे. तिच्यावर बारीक लाकूड रचून बांधलं की हलत नाही आणि एका दमात दहा-बारा तुकडे पडतात. कानाला लावायचं ते मी लावते, शेजारच्या बागेतले हसले तरी. चौसष्टपैकी एकेचाळीस झाडं निघाली. बाकीची उन्हाळ्याच्या सुट्टीत. मोकळ्या जागेत पावसाळ्यात नव्या कलमा लावणार आहे, माती तपासून. तुमची सुतळी गोठ्याच्या दारामागे खिळ्याला टांगलेली आहे, काकांनी परवा तिच्यानं भाजीचा भारा बांधला तर मी ओरडले.

मृग बहाराची संत्री फेब्रुवारीत उतरतील. यंदा थोडीच आहेत, पण पहिलं क्रेट तुमच्याकडे येईल, आणि पैशांची भाषा तुम्ही करायची नाही. येताना चेन घेऊन येते. पहिल्यासारख्या ढलप्या उडत नाहीत, भुसा पडतोय, आणि काप थोडा उजवीकडे वळतो. ४.८ मिलिमीटरची गोल कानस लावताना माझे एका बाजूचे दात जास्त घासले जाताहेत असं वाटतं. एकदा बघा, आणि कुठे चुकतंय ते मला दाखवा. घासून देऊ नका, मीच घासेन.

तुमची,
काटोलची ताई