चिन्ह तेवढं माझं मला राहू द्या

प्रति,
मा. मुख्य निवडणूक आयुक्त,
भारत निवडणूक आयोग, नवी दिल्ली

महोदय,

मी महाराष्ट्र विधानसभेला एकाच मतदारसंघातून पुन्हा पुन्हा उभा राहिलेला आणि पुन्हा पुन्हा पडलेला अपक्ष उमेदवार आहे. डिपॉझिट एकदाही वाचलेलं नाही. ते परत मागायला हे पत्र लिहीत नाही. कायद्याने ते जप्त झालं, सरकारी तिजोरीत जमा झालं, विषय संपला. मला बोलायचंय ते चिन्हाबद्दल, कारण तो विषय संपूर्णपणे आपल्या हातात आहे. त्यासाठी संसदेत जायची गरज नाही.

आपल्याला हे सगळं माहीतच आहे, पण पत्र खुलं असल्याने इतरांसाठी थोडं सांगतो. अपक्षाला अर्जासोबत मतदारसंघातले दहा सूचक, म्हणजे अर्जावर त्याचं नाव सुचवून सही करणारे मतदार, लागतात; मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक पुरतो. विधानसभेची अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ५,०००. एकूण वैध मतांच्या सहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त मतं पडली तरच ती परत. म्हणजे दोन लाख वैध मतं झाली, तर ३३,३३३ च्या वर जायला हवं. तेवढी मतं घेणाऱ्या अपक्षामागे बहुतेक वेळा कुठल्या तरी पक्षातली बंडखोरी असते, हे गावागावांत सगळ्यांना ठाऊक आहे. खर्चाची मर्यादा ४० लाख आहे. माझ्यासारख्याला ती वाचायला बरी वाटते. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो, पडलेल्यालाही, आणि नाही दिला तर तीन वर्षं अपात्र. मी दर वेळी वेळेत दिला आहे, झेरॉक्सच्या पावत्यांसकट.

अर्जात मुक्त, म्हणजे कुठल्याही पक्षासाठी राखून न ठेवलेल्या, चिन्हांपैकी तीन चिन्हं पसंतीक्रमाने लिहायची असतात. माघारीची मुदत दुपारी तीनला संपते आणि मग निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या दालनात चिन्हवाटप होतं. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांना त्यातली गंमत कळणार नाही. तीन वाजायला दहा मिनिटं असेपर्यंत बाहेरच्या व्हरांड्यात फोन चालू असतात: ‘तुम्ही बसा, पुढच्या वेळी तुमचं बघू.’ कोणी बसतो, कोणाला बसवतात. जे उरतात ते आत येतात. एकाच चिन्हावर दोघांनी हक्क सांगितला तर आपल्या १९६८ च्या चिन्हे आदेशाच्या परिच्छेद १२ प्रमाणे निकाल लागतो. त्यात नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षाचा एकच उमेदवार असेल तर चिन्ह त्याला. सगळे अपक्षच असतील आणि त्यांच्यात कोणी विद्यमान आमदार असेल तर त्याला. तोही नसेल तर चिठ्ठ्या.

गेल्या खेपेच्या आधी मी शिलाई मशीन या चिन्हावर लढलो होतो. मतं फार नव्हती, पण होती, आणि ती कुठल्या गावांतली होती हे मला बूथनिहाय माहीत होतं. पुढच्या वेळी पहिली पसंती अर्थातच शिलाई मशीन लिहिली. नेमकी तीच पसंती एका नोंदणीकृत पक्षाच्या उमेदवाराने लिहिली होती. पक्षाचं नाव मी त्या दिवशीच पहिल्यांदा ऐकलं. उमेदवारही तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. चिठ्ठ्यांचा प्रश्नच आला नाही. मशीन त्यांना, मला कपाट.

अधिकाऱ्यांचं काही चुकलं नाही. नियमाप्रमाणे झालं. माझं म्हणणं नियमाबद्दलच आहे.

मतदानाच्या दिवशी दुपारी एका केंद्राबाहेर, शंभर मीटरच्या रेषेच्या अलीकडे, ओळखीच्या मावशी भेटल्या. बोटावरची शाई दाखवत म्हणाल्या, ‘भाऊ, आमच्या घरातली सगळी मतं तुमच्या मशीनवर. मागच्यासारखंच दाबलं.’ मी म्हटलं, ‘बरं केलंत मावशी.’ दुसरं काय म्हणणार? नंतर बूथनिहाय निकालाचा फॉर्म २० हाती आला. ज्या गावांत मला आधी मतं होती, त्याच गावांत शिलाई मशीनला मतं होती. त्या उमेदवाराने त्या गावांत पाऊलही टाकलं नव्हतं.

आपण म्हणाल, मतदान यंत्रावर २०१५ पासून उमेदवाराचा फोटो असतो, आता तर तो रंगीत करायचं ठरलं आहे. फोटो आला ते चांगलंच झालं. एकाच नावाचे दोन-तीन उमेदवार उभे करायच्या धंद्याला त्याने थोडा तरी चाप बसतो. पण प्रचार फोटोवर होत नाही. रिक्षावरच्या भोंग्यातून फोटो ओरडून सांगता येत नाही. आजीला नातू शिकवतो तो चिन्हच शिकवतो. चिन्हाची ताकद किती, हे २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात दिसलं. तिथे तुतारी वाजवणारा माणूस या चिन्हाचा उमेदवार ३२,७७१ मतांनी पडला आणि त्याच्याशी मिळतंजुळतं ट्रम्पेट हे चिन्ह मिळालेल्या अपक्षाला ३७,०६२ मतं मिळाली. ती सगळी मतं चुकून गेली असं मी म्हणत नाही. पडलेल्या उमेदवाराच्या पक्षाने, म्हणजे शरद पवारांच्या राष्ट्रवादीने, मात्र तसंच म्हटलं आणि आयोगाकडे दाद मागितली. मोठ्या पक्षाचं चिन्हाच्या साधर्म्याने एवढं होत असेल, तर ज्याचं चिन्हच उचलून दुसऱ्याला दिलं त्याचं काय होत असेल?

वेळेचाही हिशेब बघा. २०२४ च्या विधानसभेला माघारीची मुदत ४ नोव्हेंबरला संपली, प्रचार १८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी थांबला. दोन आठवडे. मतदारसंघात तीन लाखांच्या वर मतदार. चिन्ह हातात पडेपर्यंत पत्रक छापता येत नाही, बॅनर करता येत नाही, आणि त्या दिवशी छापखान्यात आधीच मोठ्यांचं काम लागलेलं असतं. पक्षाच्या उमेदवाराचं चिन्ह त्याच्या जन्माच्या आधीपासून भिंतीवर असतं. आम्ही दर पाच वर्षांनी नव्याने बारसं करतो.

आता ‘मुळात उभे तरी कशाला राहता’ या प्रश्नाकडे येतो, कारण तो मला घरातही विचारला जातो. हा प्रश्न फक्त घरचेच विचारतात असंही नाही. संविधानाच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या न्या. वेंकटचलय्या आयोगाने २००२ मध्ये शिफारस केली होती की, पाच टक्केही मतं न मिळालेल्या अपक्षाला त्याच पदासाठी सहा वर्षं अपक्ष म्हणून उभं राहू देऊ नये, आणि लागोपाठ तीनदा पडला तर कायमचं बंद करावं. विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याही पुढे जाऊन अपक्ष हा प्रकारच नको असं सुचवलं. दोन्ही शिफारसी अजून कागदावर आहेत. पण हवा कुठल्या दिशेची आहे ते कळतं.

पक्षाचा उमेदवार तीनदा पडला तर त्याला निष्ठावान म्हणतात आणि सरकार आलं की एखादं महामंडळ देतात. अपक्ष तीनदा पडला तर तो हौशी, नाहीतर ‘मतं खायला उभा केलेला’. यातले काही जण खरोखर तसे असतात, नाकारत नाही. डमी असतात, व्हरांड्यातल्या फोनची वाट बघणारे असतात. त्या लोकांमुळे यादी लांबते, मतदान यंत्राला जादा बॅलेट युनिट जोडावी लागतात, कर्मचाऱ्यांचे हाल होतात. विक्रमासाठी लढणारेही आहेत. तमिळनाडूतले पद्मराजन हरण्यासाठीच लढतात आणि तसं स्वतःच सांगतात. त्यांच्याबद्दल राग नाही, पण आम्हा सगळ्यांच्या बातम्या त्याच रकान्यात छापल्या जातात. मला विक्रम नको, आमदारकी हवी आहे.

गर्दी कमी करायचा एक उपाय आधी करून झालेला आहे. १९९६ मध्ये तमिळनाडूतल्या मोडाकुरिची विधानसभा मतदारसंघात १,०३३ उमेदवार उभे राहिले आणि मतपत्रिकेची पुस्तिका छापावी लागली. तो शेतकऱ्यांचा निषेध होता. त्याच सुमारास नळगोंडा लोकसभेला फ्लोराइडच्या पाण्याने पिचलेल्या लोकांनी ४८० उमेदवार उभे केले. त्याच वर्षी विधानसभेची अनामत २५० वरून ५,००० झाली, पुढे १०,०००. तरीही २०२४ ला महाराष्ट्रात ४,१३६ उमेदवार होतेच, त्यात २,०८६ अपक्ष. निवडून आले दोन. २०१९ ला तेरा आले होते, १९९५ ला पंचेचाळीस, आणि त्यांच्याच पाठिंब्यावर तेव्हाचं सरकार उभं राहिलं. पैसे वाढवून हौशी माणूस थांबत नाही, डमीला तर पैसे दुसराच देतो. खिशाला चाट बसते ती उरलेल्यांच्या.

म्हणून माझी मागणी उलट्या बाजूने आहे. खरा कोण आणि डमी कोण हे ओळखायचं असेल, तर पुन्हा येणाऱ्याकडे बघा. पैसे घेऊन बसणारा किंवा मतं खायला उभा केलेला माणूस पाच वर्षांनी त्याच गावात, त्याच रस्त्याबद्दल बोलायला सहसा परत येत नाही. पडूनही परत येतो त्याला मतदार लक्षात ठेवतात, फक्त कोणत्या खुणेने लक्षात ठेवायचं ते आम्ही दर वेळी बदलून टाकतो.

असं संरक्षण द्यायची कल्पना आयोगाला परकी नाही. ज्या पक्षाची मान्यता गेली, त्याला त्याचं जुनं चिन्ह सहा वर्षांपर्यंत वापरता येईल अशी तरतूद आपल्याच आदेशाच्या परिच्छेद १० अ मध्ये आहे. म्हणजे मतदारांनी नाकारलेल्या पक्षालाही सावरायला वेळ मिळतो. अपक्षालाच का नाही?

परिच्छेद १२ मध्ये एक पोटकलम घालावं. मागच्या सार्वत्रिक निवडणुकीत त्याच मतदारसंघातून लढलेल्या आणि वैध मतांपैकी किमान दोन टक्के मतं मिळवलेल्या अपक्षाला, ते चिन्ह अजून मुक्त यादीत असेल तर, त्याच मतदारसंघात त्याच चिन्हावर पहिला हक्क असावा. नोंदणीकृत पक्षाच्या उमेदवाराच्याही आधी, कारण तो पक्ष तिथे पहिल्यांदाच आलेला असू शकतो. दोन टक्के जास्त वाटत असतील तर दीड करा, कमी वाटत असतील तर तीन. त्यावर मी अडून बसणार नाही. सलग दुसऱ्यांदा तेवढी मतं मिळाली नाहीत तर हक्क संपवा. हक्क फक्त त्या माणसाचा, दुसऱ्याच्या नावावर करता येणार नाही, असंही लिहा, नाहीतर चिन्हांचा बाजार भरायला वेळ लागणार नाही.

अनामत, सूचक, अपक्षांवर बंदी हे सगळं लोकप्रतिनिधित्व कायद्यात येतं, तिथे संसद लागते. चिन्हे आदेश मात्र आयोगानेच काढलेला आहे आणि आयोगानेच वेळोवेळी बदललेला आहे. महाराष्ट्रात पुढची विधानसभा वेळेवर झाली तर २०२९ ला आहे. पक्षांची मतं मागवायला, हरकती ऐकायला तेवढा वेळ पुरेसा आहे. पक्षांना पत्र पाठवाल तेव्हा अपक्षांकडूनही मतं मागवावीत, ही जादा विनंती. आमचा पत्ता प्रत्येक उमेदवारी अर्जावर आहे.

आपला,
एक अपक्ष उमेदवार
(अनामत जप्त)