एआय शिकवताय, पण कुठल्या भाषेत?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

एआयवर रोज काही ना काही छापून येतं पण ते सगळं मोठ्या कंपन्यांचंच असतं, म्हणून एआय आणि आफ्रिकन भाषांबद्दल हे लिहितोय. आफ्रिकेत २,००० च्या आसपास भाषा आहेत आणि बहुतेकींचा इंटरनेटवर मजकूरच नाही, तर एआयचं मॉडेल (मजकूर वाचून भाषा शिकणारा प्रोग्राम) शिकणार कशावर? बऱ्याच भाषांत बायबलचं भाषांतर हाच सगळ्यात मोठा डेटा, मग मॉडेल बोलायला लागलं की प्रवचन दिल्यासारखं बोलतं. नायजेरियातल्या योरुबा भाषेचं बघा, सूर बदलला की 'ओको' म्हणजे कधी नवरा, कधी कुदळ, कधी गाडी, आणि टाइप करताना लोक बरेचदा सुरांच्या खुणा टाकतच नाहीत! त्यात टोकनायझर (मजकुराचे तुकडे करून मॉडेलला देणारा भाग) बहुतेकदा इंग्रजीवर घडलेला, तो दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू भाषेच्या लांबलचक शब्दाचे नुसते तुकडे पाडतो, तुकडे वाढले की खर्च पण वाढला.

म्हणून एआयच्या कोर्समध्ये फक्त प्रॉम्प्ट (एआयला द्यायची सूचना) कसा लिहायचा हे शिकवून भागणार नाही (ते काय, कुणालाही येतं आठवड्यात). मजकूर गोळा करणं, खुणा दुरुस्त करणं, ती भाषा बोलणाऱ्यांकडून तपासून घेणं, खरं काम ते. आफ्रिकन भाषांवर काम करणाऱ्या मासाखाने या संशोधकांच्या गटानं २०२१ मध्ये १० आफ्रिकन भाषांत माणसांची, ठिकाणांची नावं ओळखायचा डेटा असाच मिळून तयार केला. त्याच वर्षीचं आफ्रीबर्टा मॉडेल १ जीबीपेक्षा कमी मजकुरावर ११ भाषा शिकलं, त्यामुळे डेटा कमी म्हणून शिकवता येत नाही ही सबब मला तरी पटत नाही.

यावर एखादा सविस्तर लेख छापाल का?

– आपला एक वाचक