12 टक्के म्हणजे कोणते 12?

महोदय,

दसरा-पाडव्याला पुण्यातल्या दुचाकीच्या शोरूममध्ये ‘फक्त 12 टक्के फ्लॅट’ हे शब्द हमखास कानावर पडतात. ऐकणाऱ्याला वाटते, सरळ हिशेब आहे. पण फ्लॅट रेटमध्ये अगदी शेवटच्या महिन्यापर्यंत सुरुवातीच्या पूर्ण मुद्दलावर व्याज चालू राहते. दर हप्त्याला मुद्दल फिटत जाते, त्याची वजावट मिळत नाही.

1 लाखाचे कर्ज 2 वर्षांसाठी 12 टक्के फ्लॅटने घेतले, तर व्याज 24,000 आणि हप्ता 5,167 रुपये. तेच 12 टक्के रिड्यूसिंग बॅलन्सने, म्हणजे उरलेल्या मुद्दलावर लावले, तर हप्ता 4,707 आणि एकूण व्याज 13 हजारांच्या आत. म्हणजे 11 हजारांचा फरक एका शब्दाने पडतो. शिवाय 2 टक्के प्रोसेसिंग फी आणि तीवर 18 टक्के जीएसटी आधीच कापले, की हातात 97,640 पडतात, हप्ता मात्र पूर्ण लाखाचा. मग फ्लॅट कर्जाचा खरा दर 24 टक्क्यांच्या घरात जातो!

या खऱ्या दराला एपीआर (अ‍ॅन्युअल पर्सेंटेज रेट, म्हणजे वार्षिक दर) म्हणतात. व्याजासोबत फी आणि कर्जाबरोबर गळ्यात मारलेला विमाही त्यात धरावा लागतो. तो केएफएस (की फॅक्ट्स स्टेटमेंट), म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींच्या तक्त्यात छापलेला असतो. 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या वाहन, घर, वैयक्तिक अशा सर्व नव्या कर्जांना हा तक्ता रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केला आहे, आणि तो कर्जदाराला समजणाऱ्या भाषेतच द्यायचा आहे. मराठीत मागणे ही मेहेरबानीची याचना नव्हे. तक्त्यात नसलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे लावता येत नाही.

‘फोरक्लोजर’ या शब्दानेही घोळ होतो. अमेरिकी इंग्रजीत त्याचा अर्थ गहाण घर ताब्यात घेणे. त्यामुळे इंटरनेटवर शोधणारा घाबरतो. आपल्या बँकांच्या कागदावर मात्र तो मुदतीआधी कर्ज फेडण्यासाठी वापरतात. व्यक्तीने घेतलेल्या फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या गृहकर्जावर त्यासाठी दंड आकारता येत नाही. फिक्स्ड, म्हणजे न बदलणारा दर असेल तर करार वाचावा.

क्रेडिट कार्डावरचे ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान रक्कम भरली की लेट फी टळते, एवढेच. उरलेल्या रकमेवर खरेदीच्या तारखेपासून व्याज लागते आणि नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. महिना साडेतीन टक्के दर म्हणजे वर्षाला 42 टक्के.

शहरातल्या बँकांनी आणि वित्त कंपन्यांनी मराठी केएफएस न मागता पुढे ठेवावा, ही विनंती. तो हाती आल्यावर सही लगेच करू नये. 7 दिवस किंवा अधिक मुदतीच्या कर्जाला विचार करायला किमान 3 कामकाजाचे दिवस मिळतात. तेवढ्यात तक्ता घरी आणून एपीआरचा रकाना आणि हप्त्यांचे वेळापत्रक ताडून पाहता येते.

– एक वाचक, कोथरूड, पुणे