आम्हीही एक कोयता

कोल्हापूर,
फेब्रुवारीतला शेवटचा रविवार

प्रिय मनू,

सलाम आणि पुष्कळ आशीर्वाद. पिलूच्या दोन्ही गालांचे माझ्या वाटचे पापे घे.

उपासनेहून आलो, जेवणं झाली. वीज गेली आहे, तरी पप्पा आत आडवे झालेत आणि मी ओट्यावर येऊन बसले आहे. फोन करता आला असता. पण फोनवर तू "हो" आणि "बरं" एवढंच बोलतेस, मग मीही हवापाण्यावर येते आणि ठेवून देते. म्हणून आज कागद घेतला.

मागच्या रविवारी तू बोलता बोलता म्हणालीस, "तिथल्या पोरांना रोज आजी मिळते, माझ्या पोरीला मोबाइलमध्ये मिळते." आणि लगेच "जाऊ दे" म्हणालीस. माझ्याकडून ते गेलं नाही. आठ दिवस भाकरी थापताना, भाजी निवडताना तेच कानात आहे.

तुझं काही खोटं नाही. जालन्याला होतो तेव्हा शनिवारी सकाळी डबा बांधायचा, संभाजीनगरची एसटी धरायची आणि दीड-दोन तासांत तुझ्या दारात. आता रात्रभराचा प्रवास. पिलूने पहिलं पाऊल टाकलं ते मी व्हिडिओत पाहिलं, तेही दुसऱ्या दिवशी, ऊसतोड मजुरांच्या तळावर रेंज नव्हती म्हणून.

आणि डिसेंबर. तुला डेंग्यू झाला, सलाईन लागली, प्लेटलेट उतरल्या, आणि मला पाचव्या दिवशी कळलं, तुला घरी आणल्यावर, जावयांच्या तोंडून. तू त्यांना बजावलं होतंस म्हणे, आईला सांगायचं नाही, ती धावत येईल आणि तिचं काम मोडेल. ३४ वर्षं मी वॉर्डात परक्यांच्या तापाचे तक्ते लिहिले आणि पोटच्या लेकीचा ताप मला उतरल्यावर कळला. त्या रात्री मी पप्पांशीही बोलले नाही. राग तुझ्यावर होता की स्वतःवर, ते अजून धड सांगता येत नाही.

तुला वाटतं, पप्पांनी ठरवलं आणि आई मागून गेली. तसं नाही. पप्पा शाळेतून निवृत्त झाल्यापासून म्हणत होते की हातपाय चालतात तोवर दीड वर्ष कुठेतरी सेवेला जाऊ, आपल्या पेन्शनीवर, कुणावर भार न टाकता. मी दोन वर्षं नाही म्हणत होते, तुझ्यासाठीच. मग पिलू झाली, तुझं बाळंतपण नीट पार पडलं, आणि एका पहाटे प्रार्थनेला बसले असताना माझ्या मनातलं नाही गळून पडलं. मी देवाचा आवाज वगैरे ऐकला नाही. नाही म्हणायचं कारण शोधलं आणि सापडलं नाही, इतकंच. चर्चच्या मंडळीने डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली तेव्हा सगळ्यांत जास्त तू रडलीस, हे मी विसरलेले नाही.

जुलैत आलो तेव्हा पंचगंगा पात्राबाहेर पडलेली. पहिले तीन महिने दवाखान्यात रोग्यांच्या उशाशी बसण्यात गेले. गगनबावड्याकडचे, राधानगरीकडचे लोक, बरोबर एखादंच माणूस, त्याला चहा प्यायला जायचं तरी रोग्याजवळ कोण बसणार? ते काम मला सवयीचं होतं. खरं काम दिवाळीनंतर सुरू झालं, कारखान्यांचा हंगाम लागल्यावर.

तुला एक शब्द सांगते. आपण ऊसतोडीला जाणाऱ्यांच्याच मुलखातले, लहानपणापासून ऐकलेला, पण त्याचं वजन मला इथे कळलं. कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एक नवरा आणि एक बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिली जाते ती कोयत्याला. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. जोडीदार नसलेली बाई आली तर ती अर्धा कोयता. पप्पांनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे आपणही एक कोयताच की." तेव्हापासून सकाळी निघताना मला हाक मारतात ती तशीच, "चला, कोयता निघाला."

हे कोयते घर सोडून निघतात तेव्हा लेकरांचं काय होतं, ते ऐक. शाळेत जाणारी लेकरं गावी राहतात, पण कुणाजवळ? आजीजवळ. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत आपल्याकडच्या तांड्यांवर, वाड्यांवर म्हाताऱ्याच लेकरं सांभाळतात. ज्याची आजी धडधाकट आहे त्याची शाळा टिकते. ज्याची आजी वारलेली, किंवा अंथरुणाला खिळलेली, ते लेकरू आई-बापाबरोबर गाडीत बसून इथे येतं. आमच्या तळावर अशी २३ लेकरं आहेत. मनू, तू ते वाक्य बोललीस आणि दुसऱ्या दिवशी तळावर गेल्यावर माझ्या ध्यानात आलं, ही सगळी आजी नसल्यामुळेच इथे आली आहेत.

पहाटे चारच्या सुमारास तळ रिकामा होतो. थंडीत, अंधारात, गाड्या उसाच्या फडाकडे निघतात. मागे राहतात कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, कुत्री, आणि सात-आठ वर्षांच्या पोरी, प्रत्येकीच्या कडेवर एक धाकटं. आम्ही नऊला पोचतो. ताडपत्री बांधतो, फळा टेकवतो. पप्पांना पहिल्या आठवड्यात काही केल्या दशक शिकवता येईना. मग त्यांनी काड्या गोळा करायला लावल्या आणि म्हणाले, दहा काड्यांची एक मोळी बांधा. मोळी म्हटल्याबरोबर पोरांचे डोळे चमकले. आता ३४ म्हटलं की तीन मोळ्या आणि चार काड्या समोर ठेवतात, एकही चुकत नाही. ४० वर्षं शिकवलेला माणूस त्या दिवशी घरी येऊन लहान मुलासारखा हसत होता.

माझं काम काय सांगू? कडेवरची धाकटी आपल्याकडे घ्यायची. म्हणजे मोठ्या बहिणीचे हात पाटीसाठी मोकळे होतात. एक पोर आहे, नऊ वर्षांची असेल, ती पहिले दहा दिवस भावाला माझ्याकडे देईना. एका हातात तो, एका हातात पेन्सिल. म्हणायची, "आईनं सांगितलंय, खाली ठेवू नको, गेल्या साली एकाचं लेकरू गाडीखाली आलं." अकराव्या दिवशी तिने तो माझ्या मांडीवर ठेवला आणि मग दर दोन अक्षरांनंतर वळून बघत राहिली. त्या बघण्यात मला तू दिसलीस, पिलूला पाळणाघरात सोडून निघालेली.

म्हणजे तू म्हणालीस ते अक्षरशः खरं आहे. मी इथे रोज आजी असते, आणि तिथे नसते.

संध्याकाळी बायका फडातून येतात तेव्हा तासभर मी औषधांची पेटी उघडते. पाचटाने चिरलेले हात, कोयत्याचे घाव, पाठ, कंबर. जास्त सांगत नाही, फक्त एक सांगते, तू स्वतः बाई आहेस म्हणून. तिशी-पस्तिशीच्या पोरींना पाळीचं विचारते तर म्हणतात, "नाही येत, पिशवी काढली." इतक्या सहज म्हणतात, जशी दाढ काढली. बीडकडच्या ऊसतोड बायकांचं हे प्रकरण २०१९ मध्ये विधानमंडळापर्यंत गेलं, सरकारने समिती नेमली, वर्तमानपत्रांत आलं, तेव्हा मी वॉर्डातच होते आणि वाचून हळहळले होते. आता त्या बायका समोर बसतात. पाळीत खाडा झाला तर पैसे कापले जातात, फडात आडोसा नाही, पाणी नाही, साधा पांढऱ्या पाण्याचा त्रास घेऊन गेलं तरी कुणीतरी कर्करोगाची भीती घालतं, आणि बाई ऑपरेशनच्या टेबलावर. मी एवढंच करते की गोळ्यांनी बरं होण्यासारखं असेल तर घाई करू नको म्हणते आणि सरकारी दवाखान्यात बरोबर जाते. या हंगामात दोघींना थांबवता आलं. दोन.

तुझ्या सासरी विचारतात ना, तिकडे धर्माचं काय काम करतात म्हणून? इथेही एका शेतकऱ्याने पप्पांना तोंडावर विचारलं, मिशनवाले ना तुम्ही, पोरं बाटवायला आलात का? पप्पा रागावले नाहीत. म्हणाले, रोज या आणि शेजारी बसा. तो खरंच दोन दिवस आला, तिसऱ्या दिवशी पोरांसाठी काकवीचा डबा घेऊन आला. या लेकरांच्या कोप्यांत भगवानबाबांचा फोटो असतो, देवीचा टाक असतो, त्याला आम्ही बोट लावत नाही. आमची प्रार्थना पहाटे आमच्या खोलीत होते. तिच्यात तुमच्या तिघांनंतर २३ नावं येतात. नाताळात करोलवाले तळावर गायले, कारण बायकांनीच विचारलं होतं, तुमचा सण कसा असतो ते दाखवा.

आज उपासनेत बसले असताना वाइल्डरबाईंचा विचार आला. इथलं वाइल्डर मेमोरियल चर्च ज्यांच्या नावाचं, ते अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. आपण त्या साहेबाचंच नाव घेतो. त्यांच्या पत्नी एलायझा. मुलगा रॉबर्ट कोल्हापुरातच जन्मला, १८६३ मध्ये. पुढे सगळे अमेरिकेत परतले, १८८७ मध्ये साहेब वारले, आणि त्यानंतर या बाई म्हातारपणी मुलगी ग्रेसला घेऊन पुन्हा इकडेच आल्या. रॉबर्ट तिकडे राहिला. मला आधी त्यांचं धैर्य दिसायचं. आज मी रॉबर्टचा विचार करत होते. आईचं पत्र यायला जहाजाने कितीतरी आठवडे लागत असतील. त्याला ताप आला तर तो आईला कळवत असेल का? की तोही तुझ्यासारखाच गप्प राहत असेल?

कोल्हापूर चांगलं आहे, त्याची काळजी करू नको. शेजारच्या ताई "मी आलो", "मी जेवलो" असंच बोलतात, पहिल्यांदा मला वाटलं आत त्यांचे मालक बोलताहेत. रविवारी पांढरा रस्सा पाठवतात. पप्पा संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध पितात आणि मला सांगत नाहीत, पण मिशीवर फेस असतो. त्यांची शुगर ताब्यात आहे.

त्या नऊ वर्षांच्या पोरीसाठी मी एक खटपट चालवली आहे. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांचं बोर्डिंग काढलं आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृह उभं करत गेले, म्हणून या गावाला वसतिगृहांचं मोठं नाव आहे. पुढच्या हंगामात तिला तिच्याच जिल्ह्यात एखाद्या वसतिगृहात जागा मिळाली तर ती शाळेत राहील. बाप तयार आहे. आई म्हणते, मग धाकट्याला कोण बघणार? मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही, कारण मी पुढच्या जानेवारीत जाणार आहे आणि खोटा शब्द द्यायचा नाही.

आता कामाचं. मार्चअखेर पट्टा पडेल, म्हणजे कारखाना बंद होईल आणि कोयते गावी परततील. मी पाळकसाहेबांशी बोलले आहे. एप्रिलचे पहिले २० दिवस मी तुझ्याकडे. पप्पा इथेच राहतील, दवाखान्याचं बघतील, म्हणजे तेवढे दिवस मी अर्धा कोयता. पिलूला पाळणाघरात पाठवू नको त्या दिवसांत. तुझ्या कपाटावरची माझी गोधडी उन्हात घाल. गूळ आणि काकवी घेऊन येते, पण पिलूला आधी थोडीच चाटव.

एक मागणं आहे, आणि ते तुला ऐकावं लागेल. माझं काम मोडेल म्हणून माझ्यापासून काही लपवू नको. अठरा महिने मी मंडळीला दिलेत, तुझी आई असणं दिलेलं नाही. मी यायचं की नाही ते मी आणि पप्पा ठरवू, देवाला विचारून ठरवू. पण ठरवायला मला कळलं पाहिजे.

वीज आली. पप्पा उठून विचारताहेत, एवढं काय लिहितेस. त्यांचेही आशीर्वाद. रात्री आठला फोन करते. अंगात कणकण असेल तर आहे म्हणून सांग.

तुझी,
आई