फराळाचे पैसे आणि दाराची पाटी

मा. अर्थमंत्री महोदया,
भारत सरकार, नवी दिल्ली

सा. न. वि. वि.

आपण कामात असाल, थोडक्यातच लिहिते. मी मिरजेत घरी चकली, अनारसे, चिवडा करून स्वतःच्या वेबसाइटवर विकते. वसुबारसेला सकाळी, चकलीचा घाणा तेलात असताना पेमेंट गेटवेवाल्यांचा, म्हणजे गिऱ्हाइकांचे ऑनलाइन पैसे माझ्यापर्यंत पोचवणाऱ्या कंपनीचा, मेल आला: तुमच्या खात्यात अचानक जास्त व्यवहार दिसले, तपासणी होईपर्यंत पैसे रोखले आहेत. अहो, फराळाची मागणी दिवाळीत नाही तर काय आषाढात वाढणार? १ लाख ६ हजार अडकले. एस्क्रो खात्यात, म्हणजे बँकेत वेगळ्या राखून ठेवलेल्या खात्यात, सुरक्षित आहेत म्हणे. असतीलच. माझ्यापासून तर नक्कीच.

उद्यमचा, म्हणजे लघुउद्योग नोंदणीचा, कागद, फूड लायसन्स, सहा महिन्यांचं स्टेटमेंट, सगळं पाठवलं. लक्ष्मीपूजनाला नवा मेल: दुकानाच्या पाटीचा फोटो हवा. माझं दुकान म्हणजे स्वयंपाकघर! ह्यांनी तेलाच्या पुड्यांचा खोका कापला, पुठ्ठ्यावर लाल रंगात नाव काढलं, दाराला सुतळीने टांगलं. उत्तर आलं, पाटी कायमस्वरूपी वाटत नाही. चकल्या पाडणाऱ्या चौघींची मजुरी मी पाटल्या गहाण ठेवून दिली. भाऊबीजेला भावाने विचारलं, हात मोकळे का? काय सांगू?

यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही, हे आपणच जाहीर केलंत. आभार. पण न्यू जर्सीतली गिऱ्हाईक रुपे कुठून आणणार? तिच्या कार्डावर मला ३ टक्के शुल्क पडतं, आणि त्या ३ टक्क्यांवर १८ टक्के जीएसटी. १,२०० च्या डब्यामागे ४२ रुपये ४८ पैसे. डबा वाटेत फुटला, मी पैसे परत केले, तरी हे ४२ परत येत नाहीत. नणंदेच्या हिशोबाने वर्षाला अठरा-वीस हजार जातात. ती जरा वाढवून सांगते, पण दहा तर कुठे गेले नाहीत.

मागणी एवढीच की पैसे किती दिवस रोखता येतात याला मुदत घाला, आणि फोनवर बोलायला माणूस ठेवायला लावा.

२०१६ च्या नोव्हेंबरात सरकार म्हणालं कॅशलेस व्हा, झालो. मिरजेहून बेळगावला डबा विकायचा तर उलाढाल कितीही असो, आधी जीएसटी नोंदणी, तीही केली. २०२० साली येस बँकेवर निर्बंध लागले, तेव्हा आठ दिवसांत मंत्रिमंडळाने ती वाचवायची योजना मंजूर केली. माझा आज तेविसावा दिवस आहे. मोठ्याने बुडावं, मग सगळे धावतात. लहानाने पाटी रंगवत बसावं.

आपली,
एक करदाती, मिरज

ता. क. पाटी अजून दारावरच आहे. काल ती वाचून एकजण अर्धा किलो चकली घेऊन गेला. पैसे रोख दिले.